नऊशेची ट्रिप, साडेसातशेचं इंजिन

टॉवेलच्या कारखान्यात जहाजाचं इंजिन कशाला, असा प्रश्न आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणी विचारत नाही. गुजरातेत अलंगला जहाजं तुटतात, त्यांतली चालू स्थितीतली जनरेटरं तिथल्या वखारींत मांडलेली असतात आणि ट्रेलरवर चढून कुठल्याही गावी जातात. नव्या डीजीच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, मानानं स्वस्त, शिवाय बांधा दणकट. ओळखीच्या एका मालकांनी असंच एक सहा सिलिंडरचं जपानी इंजिन अल्टरनेटरसकट आणलं, फाउंडेशन घातलं, पॅनेल बसवलं, चालू केलं. मी तेव्हा जहाजावरून सुट्टीला घरी आलो होतो. त्यांचा फोन आला, "काय करूलालाव? सुट्टी हाय नव्हं? जरा येऊन नजर टाकून जावा की."

नजर टाकली ती आधी नेमप्लेटवर. ९०० आरपीएम, ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ. बहुतेक जहाजांवर साठ हर्ट्झची वीज असते, आपल्याकडं पन्नासची. अल्टरनेटर आठ पोलांचा, म्हणजे हर्ट्झला पंधरानं गुणलं की आरपीएम. पन्नास हवे असतील तर इंजिन ७५०वर चालवायचं. तसं ते चालवलं जात होतं. वेग उतरला की व्होल्टेजही त्या प्रमाणात उतरवावं लागतं, नाहीतर अल्टरनेटरचा गाभा तापतो. ताकदही साधारण सहाव्या हिश्शानं कमी धरायची. पॅनेलवाल्यानं हे सगळं नीट केलं होतं. ७५०ला इंजिन जास्त थरथरत नाही ना, हेही पाहिलं; हेच मॉडेल बनवणारी कंपनी ७५०च्या वेगासाठीही विकते, त्यामुळे तो प्रश्न तिथंच मिटला.

मग मी विचारलं, "ओव्हरस्पीड ट्रिप कितीला हाय?" म्हणजे वेग हाताबाहेर गेला की इंधन तोडून इंजिन बंद करणारी यंत्रणा किती आरपीएमला पडते.

इंजिनाची देखभाल करणारे फिटर अण्णा शहराच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, कारखान्यात सोलापुरी. आधीची सगळी हयात गिरणीच्या इंजिनघरात गेलेली. ते म्हणाले, "कंपनी सेटिंग हाय. आम्ही हात लावला नाय."

हात लावला नाही हे इतर वेळी कौतुकाचं वाक्य. इथं तेच अडचणीचं होतं.

जहाजाच्या जनरेटर-इंजिनाला वेग सांभाळणारा गव्हर्नर असतो, आणि २२० किलोवॅट किंवा त्याहून मोठं इंजिन असलं तर गव्हर्नरशी संबंध नसलेली वेगळी ओव्हरस्पीड ट्रिप लागते. जहाजांची तांत्रिक तपासणी करणाऱ्या क्लासिफिकेशन सोसायट्यांचा हा सामाईक नियम आहे. जनरेटरसाठी ती ठरलेल्या वेगाच्या जास्तीत जास्त ११५ टक्क्यांवर पडली पाहिजे. मेन इंजिन क्लचनं सुटू शकत असेल किंवा पात्यांचा कोन बदलणारा पंखा फिरवत असेल, तर त्याला १२० टक्के. नऊशेचे ११५ टक्के म्हणजे १०३५. कंपनी सेटिंग हेच असणार. पण आमचं इंजिन आता ७५०चं आहे, त्याचे ११५ टक्के साडेआठशेच्या थोडे वर, ८६२. म्हणजे १०३५ची ट्रिप या इंजिनाच्या हिशेबानं १३८ टक्क्यांवर बसली होती. वीज तेव्हा ६९ हर्ट्झची असेल.

मालकांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. ते म्हणाले, "इंजिन तर हजारच्या वर सोसतं असं तुम्हीच म्हणालाव. मग पडलं जरा उशिरा तर काय बिघडतंय?" लोखंड सोसेल, हे खरं. पण जहाजावर ते नवं असताना सोसत होतं. आता बेअरिंगं, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट, रोटरची वाइंडिंग, सगळ्यांचं वय झालेलं. आणि रॅक, म्हणजे पंपातून किती इंधन जाईल ते ठरवणारी दांडी, अडकून वेग चढला, ब्रेकर मात्र पडला नाही, तर मागांच्या मोटरी, ड्राइव्ह, दिवे सगळे त्या ६९ हर्ट्झच्या वाटेला लागलेले असतील. दुसरं त्यांचं म्हणणं, "गव्हर्नर हाय की." गव्हर्नर आहेच. जेम्स वॉटनं १७८८मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरते गोळे लावले तेव्हापासून तो आहे. पण ट्रिप लागते तीच मुळी गव्हर्नर नापास झाला तर. त्याचा ड्राइव्ह तुटला, तेल गेलं, दांडा निखळला, तर वेगाला धरणारं दुसरं काही हवं. म्हणून एकाच्या दुखण्यात दुसरा सापडू नये, अशी दोघांची रचना असते.

समुद्रावर हे समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात अरबी समुद्रात जहाज पुढून बुडालं की मागचा पंखा पाण्याबाहेर येतो. क्षणभर पंख्याला पाणीच नाही, इंजिनाला भार नाही, आणि शंभराच्या आसपास फिरणारं अजस्र टू-स्ट्रोक इंजिन एकदम उचल खातं. गव्हर्नर इंधन तोडतो, पंखा परत पाण्यात, इंजिन परत खाली. रात्रभर असं चालतं. तिथं ट्रिपला वेगाची खबर देणारे पिकअप फ्लायव्हीलपाशी बसलेले असतात. आकडा ओलांडला की दाबाची हवा प्रत्येक फ्युएल पंपाच्या माथ्यावरचा पंक्चर व्हॉल्व्ह उघडते. पंप चालतच राहतो, पण त्यात दाब बनत नाही, इंधन परत जातं.

आमच्या सोलापुरी इंजिनाची ट्रिप निव्वळ यांत्रिक होती. कॅमशाफ्टच्या टोकाला एक जाड चकती, तिच्यात खोबण, खोबणीत एक वजन. त्याला स्प्रिंगनं मध्याकडं दाबून धरलेलं. वेग वाढला की वजन बाहेर ओढलं जातं. एका वेगाला ओढ स्प्रिंगपेक्षा जास्त होते, वजन बाहेर उडतं, ट्रिप लिव्हरला ठोकर देतं, लिव्हरची खीळ निसटते आणि एक तगडी स्प्रिंग सगळ्या पंपांचे रॅक शून्यावर ओढते. वजन एकदा सरकायला लागलं की मध्यापासून आणखी लांब जातं, ओढ आणखी वाढते, त्यामुळे ते हळूहळू येत नाही, झटक्यानं येतं. आणि गेलेलं वजन त्याच वेगाला परतही येत नाही, वेग बराच उतरावा लागतो. मग खीळ हातानं बसवायची. आपोआप बसू नये, हे मुद्दाम. माणसानं जाऊन बघावं, का पडली.

पहिलं काम इंजिन बंद ठेवून केलं. ट्रिप लिव्हर हातानं पाडला आणि सहाही रॅक बघितले. पाच शून्यावर गेले. चौथ्या सिलिंडरचा अर्ध्यात थांबला आणि बोट लावल्यावर कुरकुरत गेला. एक पंप अडकला म्हणून बाकीचे अडू नयेत यासाठी प्रत्येक रॅक मुख्य दांड्याला स्प्रिंगच्या जोडानं बांधलेला असतो, त्यामुळे बाकी पाच सुटले. पण एका सिलिंडरला इंधन मिळत राहिलं तर बिनभाराचं इंजिन बंद व्हायचं नाव घेत नाही. पंप उतरवला. रॅकवर जुन्या इंधनाचा चिकट, मधाच्या रंगाचा थर होता. डिझेलनं धुऊन, दात तपासून, परत बसवल्यावर रॅक स्वतःच्या वजनानं घसरायला लागला. तसाच हवा.

अण्णा तोवर चिंध्या आणि डिझेलचं भांडं घेऊन ट्रिपच्या चकतीकडं वळले होते. मी म्हटलं, "अण्णा, तिला धुवू नका. आधी आकडा घेऊ."

या एका गोष्टीवर मी हटून बसतो. ट्रिप वर्षानुवर्षं गप्प बसलेली असते. तेलाचा थर साचतो, खोबणीत वजन चिकटतं. आपण आधी ती साफ करतो, दोनतीनदा पाडून मोकळी करतो आणि मग लॉगबुकात आकडा लिहितो. तो आकडा साफ केलेल्या ट्रिपचा. ज्या रात्री गव्हर्नर दगा देईल त्या रात्री ट्रिप साफ केलेली नसेल, आणि तिला एकच संधी मिळेल, पहिली. सर्व्हेअर जहाजावर येणार म्हटलं की आदल्या दिवशी ट्रिप पाडून ठेवणारे इंजिनिअर मी पाहिले आहेत. सर्व्हे पास होतो, बाकी काही कळत नाही.

इंजिनावरच १०३५पर्यंत वेग नेऊन बघायची माझी हिंमत नव्हती, आणि गरजही नव्हती. चकती कॅमशाफ्टवर असते आणि फोर-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. म्हणजे इंजिन १०३५ला असेल तेव्हा चकती साडेपाचशेच्या आतच. एवढा वेग लेथला सहज जमतो. जवळच एका लेथवाल्या मामांकडं ड्राइव्ह लावलेलं मशिन होतं, वेग हवा तसा कमीजास्त करता येणारं. चकती न हलवता, न पुसता, शाफ्टच्या तुकड्यासकट उतरवली, चकात धरली, डायल लावून सरळ केली. भोवती जाड पत्र्याचा डबा उभा केला. मामांना तो डबा अनावश्यक वाटत होता. मी म्हटलं, वजन सुटून आलं तर ते आधी डब्याला विचारू दे.

चमकपट्टी चिकटवली, फोटो टॅकोमीटर हातात धरला, आणि मामा नॉब अगदी हळू फिरवायला लागले. ५००. ५१०. ५१८ला पडायला हवी होती. ५२०, ५३०. मामा माझ्याकडं बघायला लागले. ५४५ला डब्यात फाटकन आवाज झाला. इंजिनाच्या भाषेत १०९०. नऊशेच्या हिशेबानंही नियमाबाहेर, साडेसातशेच्या हिशेबानं १४५ टक्के. मशिन थांबवलं, वजन आत ढकललं, परत चढवलं. या खेपेला ५२२. मग ५१९, आणि त्यानंतर तिथंच. अण्णांनी आकडे स्वतःच्या वहीत लिहिले, पहिल्या आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. इतकी वर्षं 'कंपनी सेटिंग' म्हणून जिच्यावर भरवसा ठेवला ती ट्रिप पहिल्या खेपेला पंचावन्न आरपीएम उशिरा पडली होती.

आता चकती उघडली. खोबणीत काळपट वार्निश, वजनाच्या कडेला एक बारीक ओरखडा. धुतलं, दगडानं कडा काढली, स्प्रिंगचा नट सैल करत करत खाली यायला लागलो. हवे होते ४३१च्या आत. नट शेवटच्या आट्यांवर आला तरी ४६८च्या खाली उतरेना.

ते उतरणारच नव्हतं, आणि त्याचं गणित सरळ आहे. बाहेर ओढणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १०३५वरून ८६२वर यायचं म्हणजे वेग सुमारे १७ टक्क्यांनी कमी, पण जोर तिथं तीस टक्क्यांनी कमी, आधीच्या जेमतेम ६९ टक्के. नऊशेच्या इंजिनाची स्प्रिंग त्या जोराला दाद देत नाही. नट आणखी सैल केला असता तर फिरता फिरता सुटला असता.

मालक म्हणाले, "आपल्याकडं मागाच्या स्प्रिंगा वळून देणारे हाईत. नमुना दिला की संध्याकाळपर्यंत मिळंल." मागाची स्प्रिंग तुटली तर एक माग थांबतो, तासाभरात दुसरी बसते. ही स्प्रिंग कशी वागते ते कुणी बघतच नाही, आणि बघायची वेळ येते तेव्हा उशीर झालेला असतो. तार कुठल्या पोलादाची, तिला पाणी किती दिलं, ते कोण सांगणार? मी नाही म्हटलं. मॅन्युअलमध्ये ७५०च्या आवृत्तीसाठी स्प्रिंगचा वेगळा पार्ट नंबर होता. मुंबईत दारूखान्यात फोनाफोनी केली. जहाजाचं सामान विकणाऱ्या तिथल्या गाळ्यांत काय मिळेल याचा नेम नसतो, पण पार्ट नंबर सांगितला की ते लोक खोटं सहसा बोलत नाहीत. नाही तर नाही म्हणतात. सीलबंद पुडीतली स्प्रिंग बसच्या पार्सलनं आली.

नवी स्प्रिंग बसवून परत मामांचा लेथ. नट थोडा थोडा आवळत ४२८वर आणलं, इंजिनाचे ८५६. सलग पाडून बघितलं तर एकदोन आरपीएमचाच फरक. नटाला लॉकिंगची चिप ठोकली. वजन आणि ट्रिप लिव्हर यांच्यातलं अंतर फीलर गेजनं मॅन्युअलप्रमाणे ठेवलं. ते जास्त असलं तर वजन उडूनही लिव्हरला नीट लागत नाही.

लेथवरचा आकडा पुरेसा मानणारेही आहेत. मी मानत नाही. लिव्हर, खीळ, दांडा, रॅक अशी सगळी साखळी इंजिन फिरत असतानाच तपासली जाते. पॅनेलवर लाल बटण असतं, ते दाबलं की इंजिन बंद होतं आणि सगळे म्हणतात ट्रिप चालते. त्या बटणानं इंजिन बंद करणारा विजेवरचा सोलेनॉइड तपासला जातो. फिरतं वजन नाही.

इंजिनावरच्या चाचणीआधी मी फळी मागितली. टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, हवेच्या तोंडाएवढी जाड प्लायवूडची फळी, मागं दोन मुठी. कारण असं की ट्रिप इंधन तोडते. इंजिनाला इंधन दुसरीकडून मिळत असेल तर ती काय करणार? टर्बोचं सील गेलं आणि वंगणतेल हवेबरोबर आत शिरलं, तर डिझेल इंजिन त्या तेलावर पळतं, रॅक शून्यावर असले तरी. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तरंगत्या रिगवर विहिरीतला गॅस वर उसळला. इंजिनांचा आवाज चढत गेला, दिवे प्रखर होत होत फुटले, असं वाचलेल्यांनी चौकशीत सांगितलं. त्या स्फोटात ११ माणसं गेली. अशा वेळी एकच उपाय उरतो, हवा तोडणं. तेलाच्या रिगांवर त्यासाठी इंजिनाच्या हवेच्या वाटेत झडप बसवतात. आमच्याकडं प्लायवूड होतं आणि ते धरायला एक धट्टाकट्टा पोरगा. हात नाही, पोतं नाही, ताडपत्री नाही, फक्त फळी, हे त्याला दोनदा सांगितलं. मऊ वस्तू टर्बो ओढून घेतो.

एप्रिलची दुपार टाळून सकाळीच सुरुवात केली. इंजिन गरम होईपर्यंत चालवलं. ७५०ला फ्रीक्वेन्सी मीटर पन्नास दाखवत होता आणि माझा टॅकोमीटर ७५१, म्हणजे दोघांची साक्ष जुळली. ब्रेकर उघडा, एक्सायटेशन बंद, म्हणजे अल्टरनेटर नुसता फिरेल, वीज बनवणार नाही. पॅनेलमध्ये नवीन इलेक्ट्रॉनिक ओव्हरस्पीड रिले होता, ८२५ला लावलेला; तो चालू ठेवला असता तर यांत्रिक ट्रिपची पाळीच आली नसती. तो किल्लीनं बायपास केला आणि किल्ली मी खिशात घातली, म्हणजे ती विसरून घरी जाता येणार नाही. अण्णा हातानं इंधन तोडायच्या दांड्यावर. फ्लायव्हीलच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. मालकांनाही बाजूला घेतलं.

गव्हर्नरचा नॉब मीच फिरवला. ८००पर्यंत आवाज ओळखीचा. त्यानंतर पायाखालच्या जमिनीतून वेगळी थरथर यायला लागली आणि अण्णांचा हात दांड्यावर आवळला गेला. ८३०. ८४०. ८५०. मनात ८६२ची रेघ ओढलेली होती. ती ओलांडली की ट्रिप पडो न पडो, अण्णांनी दांडा ओढायचा असं ठरलं होतं. ८५८ला खट्. रॅक सहाही एकदम आत, टर्बोची शीळ उतरत गेली, फळीवाला पोरगा हसायला लागला. खीळ बसवून परत चालू केलं, परत नेलं. ८५४.

या चाचणीत एक गोष्ट मला खटकली होती. साडेसातशेच्या इंजिनाला गव्हर्नरच्या नॉबनं ८५८पर्यंत नेता आलं, काहीही न सोडवता. म्हणजे पॅनेलवरचा 'रेझ' स्विच कुणी दाबून धरला तरी तेच झालं असतं. गव्हर्नरचा वरचा स्टॉपही नऊशेच्या जमान्यातलाच होता. तो ७८० म्हणजे ५२ हर्ट्झवर आणला. कमी वेगाला गव्हर्नर जरा झुलत होता, कॉम्पेन्सेशनची सुई किंचित बंद केल्यावर स्थिरावला. मग बायपास काढून इलेक्ट्रॉनिक रिले वेगळा तपासला. त्यासाठी मर्यादा तात्पुरती ७७० केली, कारण नवा स्टॉप आता ८२५पर्यंत जाऊच देत नव्हता. ७७०ला रिले पडला, मर्यादा परत ८२५.

मालकांनी शेवटी विम्यासाठी प्रमाणपत्र मागितलं. ते मी दिलं नाही. मी सर्व्हेअर नाही आणि सुट्टीवरच्या इंजिनिअरच्या सहीला विमावाला विचारतही नाही. वहीतल्या आकड्यांची स्वच्छ प्रत मात्र काढून दिली, पहिला ५४५ सकट. तो आकडा वगळावा असं त्यांना वाटत होतं, ऑडिटला उगीच प्रश्न नकोत म्हणून. वगळला नाही. हवेची तयार झडप त्यांनी पुण्याच्या एका विक्रेत्याकडं मागवली आहे, तोवर फळी टर्बोशेजारी साखळीला अडकवलेली आहे. पुढची चाचणी जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेला कारखाना बंद असेल तेव्हा. मी तेव्हा जहाजावर असेन, ती अण्णाच घेणार आहेत, आणि चकतीला चिंधी लावायच्या आधी.